कुलूप लावणाऱ्यांचा व्हायरस

लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी वैद्यकीय वापराचे सॉफ्टवेअर लिहिले होते. गिऱ्हाईक एक प्रत विकत घेई आणि तिच्या नकला हातोहात फिरत. या चोरीला आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये त्यांनी जो उपाय योजला, तोच ‘ब्रेन’, आयबीएम पीसीवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस.

फ्लॉपी घालून संगणक सुरू केला, की तो सर्वांत आधी फ्लॉपीवरचा पहिला तुकडा, म्हणजे बूट सेक्टर, वाचतो. ब्रेन नेमका तिथे ठाण मांडून बसे. तिथला मूळ मजकूर तो दुसरीकडे हलवी आणि त्या नव्या जागेवर कोणी काही लिहू नये म्हणून ती खराब असल्याची खूण करून ठेवी. मग मेमरीत राहून, पुढे आत येणाऱ्या ३६० केबीच्या फ्लॉप्यांवर स्वतःची प्रत उतरवी. कोणी बूट सेक्टर तपासायला गेलेच, तर त्याला हलवलेला मूळ मजकूरच दाखवी. व्हायरसच्या आत मात्र भावांची नावे, पत्ता, फोन नंबर आणि लशीसाठी संपर्क साधण्याचा निरोप होता. विध्वंसाचा हेतू असता तर त्यांनी आपला पत्ता दिला नसता, असे मला वाटते. पण व्हायरसला चोर आणि साव यांतला फरक कळत नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठापर्यंत तो पोहोचला, आणि अनेकांच्या फ्लॉप्या विनाकारण बाधित झाल्या.

अल्वी बंधूंना परिणामांचा अंदाज नव्हता, असे म्हणता येईल. सोनी बीएमजी या बड्या संगीत कंपनीला ती सवलत देता येत नाही. तिने गाण्यांच्या सीडींमध्ये नक्कलविरोधी प्रोग्रॅम घातला. तो विंडोजमध्ये लपून बसे आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाइल दिसेनाशी करी. ऑक्टोबर २००५ मध्ये संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी तो उघडकीस आणला. काही दिवसांतच इतरांचे घातक प्रोग्रॅम त्याच आडोशाला लपू लागले. कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. पैसे मोजून सीडी घेणाऱ्यांचेच संगणक उघडे पडले होते.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. ते योग्यच आहे. लिहिणाऱ्याच्या, गाणाऱ्याच्या मेहनतीला संरक्षण हवेच. परंतु मालकाच्या परवानगीवाचून संगणकात व्हायरस सोडणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ लाही मान्य नाही, आणि सोडणारा हक्कधारक आहे म्हणून त्याला तिथे सूट नाही. सॉफ्टवेअर रीतसर घेणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत करण्याची मुभाही कॉपीराइट कायदाच देतो. तेव्हा कुलूप जरूर लावा, पण आपल्या मालाला. ग्राहकाच्या संगणकात काय उतरवणार आहात, ते त्याला आधी स्पष्ट सांगा आणि काढून टाकण्याची सोयही द्या.