जरीच्या लडीतली वीज

आम्हा सुरतकरांना जर कशी असते ते सांगावं लागत नाही. म्हणून भौतिकशास्त्रात ‘जवळजवळ एकमितीय वाहक’ हा शब्द आला, तेव्हा मला आधी जरीच्या धाग्यांची लडच आठवली.

टीटीएफ-टीसीएनक्यू हा काळसर, सुईसारखा स्फटिक. त्यातले चपटे रेणू चवडीसारखे एकावर एक रचलेले असतात. वीज चवडीच्या लांबीने सहज धावते; शेजारच्या चवडीत जायला मात्र शेकडो पट अडथळा. म्हणजे धागे शेजारीशेजारी, पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा!

आता याची रोधकता मोजायची कशी? समजा, सुई 0.1 मिमी रुंद आणि 0.02 मिमी जाड आहे. तिच्या 1 मिमी लांबीचा रोध साधारण 10 ओहम भरतो. जोडाचा रोधही तेवढा असू शकतो. म्हणून चार जोड देतात: बाहेरच्या दोनांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोनांवर विभवांतर मोजायचं. आतल्या तारांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे जोडाचा रोध मापात येत नाही. तारा केसाहून बारीक, सोन्याच्या. डाग देता येत नाही, सुई मोडेल; चांदीच्या लेपाचा थेंब लावून तार चिकटवायची.

खरी गंमत पुढे आहे. 1973 मध्ये अमेरिकेत ॲलन हीगर यांच्या गटाला काही मोजक्या स्फटिकांत 60 केल्विनच्या आसपास वाहकता प्रचंड वाढलेली दिसली. अतिवाहकतेची चाहूल लागली, असं वाटलं. पण इतर प्रयोगशाळांत तेवढी वाढ सापडेना. दुसऱ्या संशोधकांनी एक शक्यता दाखवली: प्रवाह काही धाग्यांतूनच गेला आणि आतले जोड भलत्याच धाग्यांवर बसले, तर विभवांतर फसवं कमी येतं. मग रोधही खोटाच कमी दिसतो.

यावर उपाय साधे आहेत. प्रवाहाचा लेप सुईच्या टोकाला सगळीकडून लावायचा. एका टोकाच्या दोन जोडांतून प्रवाह सोडून दुसऱ्या टोकाच्या दोनांवर पाहायचं. तिथे जवळपास शून्य यायला हवं. थंड अगदी सावकाश करायचं. रोधाने मध्येच उडी मारली आणि परत तापवल्यावर जुना आकडा आला नाही, तर सुईला तडा गेलाय असं समजायचं.

असा आकडा कितीही सुंदर असला तरी वहीत त्यावर काट मारायची. जिवावर येतं, पण मारायची.