हिब्रू नावे: शास्त्रातून कोकणात

हिब्रू शास्त्रातली कितीतरी व्यक्तिनामे म्हणजे एकेक पूर्ण वाक्य आहे. यहेज्केल म्हणजे ‘देव बळ देतो’, दानीएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’, योनाथान म्हणजे ‘परमेश्वराने दिले’, जवळजवळ आपला देवदत्तच. या नावांत ईश्वर दोन रूपांनी येतो. ‘एल’ हा देवासाठीचा सामान्य शब्द आहे, तर ‘यहो’, ‘याहू’ किंवा ‘या’ ही इस्राएलाच्या देवाच्या विशेषनामाची आखूड रूपे. एलीयाहू या नावात दोन्ही एकत्र येतात: ‘याहू हाच माझा देव’. ‘बाल’ नावाच्या देवतेच्या पुजाऱ्यांना आव्हान देणाऱ्या संदेष्ट्याचे हे नाव त्याची भूमिकाच सांगते.

सगळीच नावे देवाची नाहीत. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, तामार म्हणजे खजुराचे झाड, योना म्हणजे पारवा. काही नावे परभाषेतून आली. मर्दखय या नावात बाबेलच्या मार्दुक देवाचा अंश आहे. एस्तेरचा संबंध कुणी फारसीतल्या ताऱ्याशी, तर कुणी इश्तार देवीशी लावतात. तिचे हिब्रू नाव हदस्सा, म्हणजे मेंदीसारखे एक सुगंधी झुडूप.

या नावांचा खरा गुंता वेगळ्याच ठिकाणी आहे. शास्त्र स्वतःच अनेक नावांचा अर्थ सांगते, आणि तो व्युत्पत्तीशी जुळतोच असे नाही. निर्गम ग्रंथात फारोची मुलगी बाळाला पाण्यातून ‘ओढून काढले’ म्हणून त्याचे नाव मोशे ठेवते. अभ्यासक मात्र या नावात ‘जन्मलेला’ या अर्थाचा इजिप्ती शब्द पाहतात. थुतमोस, रामसेस या फारोंच्या नावांत तोच आहे. हन्ना आपल्या मुलाला ‘मी देवाजवळ मागून घेतला’ म्हणून शमुवेल म्हणते. ‘मागितलेला’ हा अर्थ खरा शौल या नावाचा. शमुवेलचा अर्थ बहुधा ‘देवाचे नाव’ असा. याला चूक म्हणणे योग्य नाही. शास्त्रकाराला धातू सिद्ध करायचा नव्हता. नावाच्या नादातून त्या माणसाची कथा उभी करायची होती. म्हणून शब्दाचा अर्थ आणि कथेतला अर्थ दोन्ही वाचावेत, पण एकात एक मिसळू नयेत.

कथेतल्या अर्थाची ताकद बन्यामीनच्या जन्मात दिसते. बाळंतपणात प्राण सोडताना राहेल मुलाला बेनओनी, ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, म्हणते. याकोब ते बदलून बन्यामीन, ‘उजव्या हाताचा पुत्र’, करतो. पुढच्या काळात नावे बदलण्यामागे धर्मही आला. शौलाच्या एका मुलाचे नाव इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात एश्बाल आहे, पण शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात तोच ईश-बोशेथ होतो. बालचे नाव उच्चारायला नको म्हणून तिथे ‘लाज’ या अर्थाचा शब्द बसवला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ही नावे महाराष्ट्रात सर्वांत खोल रुजली ती कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या घरांत. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू भाषा त्यांच्याकडून जवळजवळ निसटली, नावे मात्र टिकली आणि मराठी झाली: शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, बन्यामीनचा बनाजी, मोशेचा मुसाजी. आडनावे गावांवरून आली: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर.

मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे याचे ठळक उदाहरण. इंग्रजीत ते सॅम्युएल इझिकिएल, हिब्रूत शमुवेल बेन यहेज्केल. त्या प्रार्थनालयाचे नाव शाआर हारहामीम, ‘दयेचे द्वार’. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. हिब्रूतला ‘बेन’ म्हणजे ‘चा मुलगा’, आणि आपल्याकडेही पित्याचे नाव मधे येतेच. त्यामुळे हिब्रू पद्धत कोकणात सहज सामावली. चित्रपटातले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे नावसुद्धा तसेच वाचायचे: अब्राहमचा मुलगा, गाव चौल.

एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, शिक्षण पसरले आणि सामाजी पुन्हा सॅम्युएल झाला. प्रार्थनालयांची नावेही हिब्रूच राहिली: पनवेल शहरातले 1849 चे सिनेगॉग ‘बेथ एल’ आहे. ‘देवाचे घर’ हे नाव याकोबाने स्वप्नातून जागा झाल्यावर त्या ठिकाणाला दिले होते, आणि त्यातही तोच ‘एल’ आहे.

1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. रायगडच्या गावोगावच्या दफनभूमींतल्या थडग्यांवर हिब्रू आणि मराठी अक्षरे शेजारी शेजारी कोरलेली आहेत. पावसाने आणि झाडोऱ्याने ती झिजत चालली आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि इतिहासप्रेमी मंडळांनी ती नावे, दोन्ही लिप्यांत, वेळेवर उतरवून घ्यावीत.