खाऱ्या पाण्यांतील शेजार

पस्तीस वर्षें मीं शाळेंत मुलें शिकविलीं. वर्गांत कोणाला कोणाशेजारीं बसवावें, हा प्रश्न दर जून महिन्यांत माझ्यापुढें उभा राही. सेवानिवृत्त झाल्यावर तोच प्रश्न मला काचेच्या टाकीपुढें पुन्हा पडला. आणि सांगावयास खेद वाटतो कीं, वर्गांत दाखविलेला विवेक मीं तेथें दाखविला नाहीं.

नातीच्या हौसेखातर मीं समुद्री माशांची टाकी घेतली, व पहिल्याच आठवड्यांत चार निळे डॅमसेल मासे आणि एक फायरफिश आणून सोडला. डॅमसेल स्वस्त व काटक असतो, नवशिक्याला तोच बरा, असें विक्रेत्यानें सांगितलें होतें. आठ दिवसांत एका डॅमसेलनें सारी टाकी आपली ठरविली व इतर तिघांचीं शेपटें कुरतडून टाकलीं. फायरफिश एके सकाळीं टाकीमागें जमिनीवर वाळलेला सांपडला. नात म्हणाली, “आजोबा, त्याला आंत जागा नव्हती का?” ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला जें समजलें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

जागा म्हणजे केवळ पाण्याचें माप नव्हे. प्रवाळाच्या खडकांत भांडण झालें, तर हरलेला मासा दूर निघून जातो. टाकींत त्याला निघून जाण्यास वाटच नसते. म्हणून समुद्रांत क्षणभर चालणारी झटापट टाकींत जिवावर बेतते. फायरफिश भित्रा, धोका दिसतांच तो उसळी मारतो. माझ्या टाकीला झांकण नव्हतें. दोष डॅमसेलचा नव्हता व फायरफिशचाही नव्हता. तो निवड करणाऱ्याचा होता.

निवडीपूर्वीं पाण्याची तयारी हवी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकींत सुमारें १९० लिटर पाणी मावतें. दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम ह्या हिशेबानें साडेसहा किलोहून अधिक मीठ लागतें. हें मीठ स्वयंपाकघरांतलें चालत नाहीं. कारण समुद्राच्या पाण्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आदि क्षारही असतात. मत्स्यालयासाठीं मिळणारें मिश्रणच घ्यावें, व नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं काढावा. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास व उष्णता २५ अंश सेल्सियसच्या जवळपास ठेवावी. पाणी आटतें तेव्हां मीठ मागें उरतें. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालावी.

माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचें तुलनेनें निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जंतु दगडांवर व वाळूंत पुरेसे वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर टाकींत थोडें अन्न कुजूं द्यावें, मासा मात्र सोडूं नये. तपासणींत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसूं लागले, म्हणजे टाकी तयार झाली असें समजावें.

आतां निवड. प्रत्येक माशाविषयीं चार प्रश्न विचारावे. पूर्ण वाढल्यावर हा केवढा होईल? ह्याचा स्वभाव कसा? हा काय खातो? आणि टाकीच्या कोणत्या भागांत राहतो?

पहिल्या प्रश्नांत पिवळा टँग नापास होतो. हवाई बेटांकडील हा सुंदर मासा वीतभर वाढतो व दिवसभर पोहत असतो. त्याला आपली टाकी कोंडवाडाच वाटेल. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयांत मीं विद्यार्थ्यांच्या सहली नेल्या होत्या. तेथील मोठ्या टाक्यांवरून घरच्या टाकीचा अंदाज बांधणें चुकीचें. लायनफिश तोंडांत मावेल तो शेजारी गिळतो. चित्रासारखा रंगलेला मँडरिन मासा शांत खरा, परंतु तो दगडांवरील बारीक सजीव कीटक टिपून जगतो. नव्या टाकींत ते पुरेसे नसतात, आणि बहुधा त्याची उपासमार होते. समुद्रघोडा व प्रवाळ यांस तर आपल्या देशांत वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्यांचा मोहच धरूं नये.

उत्तीर्ण कोण होतात तें सांगतों. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला ऑसेलॅरिस क्लाउनफिश २००३ सालच्या चित्रपटामुळें मुलांना ‘निमो’ म्हणून ठाऊक आहे. त्याची एक जोडी घ्यावी, एक मोठा व एक लहान. ह्या जातींत सारे प्रथम नर असतात. जोडींतील वरचढ मासा पुढें मादी होतो, व तंटा मिटतो. समुद्रफुलावांचूनही हे सुखानें राहतात. त्यांच्यासोबत एक बंगाई कार्डिनल घ्यावा. इंडोनेशियाच्या बंगाई बेटांजवळचा हा मासा मधल्या पाण्यांत संथ तरंगतो. ह्याचा नर अंडीं तोंडांत सांभाळतो. समुद्रांत ही जात संकटांत असल्यामुळें टाकींत पैदास झालेलाच मासा मागावा. तळाशीं एक पिवळा वॉचमन गोबी ठेवावा. त्याच्या जोडीला पिस्तूल कोळंबी मिळाली तर पाहण्यासारखी मैत्री जमते. कोळंबीची दृष्टि अधू. ती बीळ खणते, आणि गोबी दाराशीं पहारा करतो. ती बाहेर असतांना आपली मिशी त्याच्या अंगाला टेकवून ठेवते. त्यानें इशारा देतांच दोघेही आंत शिरतात. पांचवा एक फायरफिश, अर्थात् घट्ट जाळीचें झांकण असेल तरच. एवढे पांच पुरेत.

सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधीं आलेला मासा जागेवर हक्क सांगतो, म्हणून भित्र्याला पहिला मान. प्रथम फायरफिश, मग गोबी, मग कार्डिनल, आणि शेवटीं क्लाउनफिश. कारण तो डॅमसेलच्याच कुळांतला असून आपला कोपरा राखूं पाहतो. दोन खेपांमध्यें दोन-तीन आठवडे जाऊं द्यावे, म्हणजे जंतूंनाही वाढलेला भार पेलतो. प्रत्येक नवा मासा आधीं महिनाभर वेगळ्या टाकींत ठेवावा, नाहींतर अंगावर पांढरे ठिपके आणणारा परोपजीवी सर्वांना ग्रासतो. तांब्याचें औषध त्या वेगळ्या टाकींतच द्यावें. कोळंबीला तें विषासारखें आहे.

दुसऱ्या वेळीं आम्ही सहा आठवडे नुसत्या पाण्याच्या टाकीपुढें बसलों. नात रोज वहींत अमोनियाचा आंकडा लिही. शेजाऱ्यांस तें हास्यास्पद वाटे. शून्य सलग तीन दिवस आलें, तेव्हां तिनें त्याखालीं दोन रेघा ओढल्या व मला म्हटलें, “आजोबा, आतां जागा झाली.” त्यानंतरही महिनाभर थांबून आम्हीं एक फायरफिश सोडला, पण त्याआधीं झांकणाच्या चारही कडा तिनें स्वतः बोटानें चांचपून पाहिल्या.

श्रोतेहो, मासा आपली तक्रार सांगूं शकत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें प्रश्न आपणच विचारावे, आणि तेही पैसे देण्यापूर्वीं.