डॉक्टर आजारी पडला तर?

मागच्या पावसाळ्यात आमचा नातू सुटीला मेहरूणला आला होता. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अंगात ताप, सांधे दुखतायत. आम्ही म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊन ये. तर म्हणाला, "आबा, व्हायरल आहे, मला कळतं." बॅगेतून डायक्लोफेनॅक काढली आणि घेतली. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त. तपासणीत डेंग्यू निघाला, प्लेटलेट्स उतरलेल्या. पोरगा सुखरूप उठला, पण चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

आता बघा, डेंग्यूत अशा वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तापाला पॅरासिटामॉल द्यायची, हे त्याला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही असतं. मग अडलं कुठे? औषध त्याला माहीत होतं. रोगी कोण आणि त्याला काय झालंय, हे माहीत नव्हतं. औषधशास्त्र दुसऱ्या वर्षी शिकवतात. माणूस तपासून रोग ओळखण्यात हात बसायला पुढची कितीतरी वर्षं जातात. मधल्या काळात गोळ्यांची नावं तेवढी तोंडावर असतात.

पण अनुभव आला की प्रश्न सुटतो, असंही नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'मध्ये, तिसऱ्या भागात, एक निरीक्षण आहे: वैद्य स्वतः आजारी पडले की दुसऱ्या वैद्याला बोलावतात. कारण स्वतःच्या बाबतीत, भावना गुंतलेल्या असताना, खरं काय ते ठरवता येत नाही. (तिथे विषय खरं तर कायद्याच्या राज्याचा चाललाय, वैद्यकाचा नाही.) आपल्याकडेही ज्ञान स्वतःला जाणू शकतं का, या वादात दाखला देतात, की बोटाचं टोक त्याच टोकाला शिवू शकत नाही. नातवाला वाटत होतं आपण निदान करतोय. आम्हाला वाटतं, तो इच्छा करत होता. साधा ताप असावा, सुटी वाया जाऊ नये.

होस्टेलवरची अडचण आणखी वेगळी. ओपीडीत बसलेले सरच उद्या तोंडी परीक्षा घेणार. त्यांच्यापुढे, झोप लागत नाही, धडधडतं, हे कोण सांगेल? त्यापेक्षा मित्राकडची अल्प्राझोलाम सोपी.

अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वन मध्ये येते. हा नियम 1 मार्च 2014 पासून लागू आहे. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि दुकानदारानं रोग्याचं, डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची. विद्यार्थ्यांना ही कटकट वाटते. आम्हाला मात्र त्या चिठ्ठीत अ‍ॅरिस्टॉटलचा तो दुसरा वैद्य दिसतो. मित्राच्या पाकिटातली गोळी घेतली की नेमका तोच गळतो.

नातवाला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "पटलं आबा. आता मी रूममेटला विचारूनच घेतो." रूममेट कितव्या वर्षाला? तोही दुसऱ्याच.