दुहेरी काचेची खिडकी : दुखणं लहान, उपाय घरचा

पावसाळ्याआधीची आपली कामं ठरलेली असतात. धान्याला ऊन द्यायचं, गाद्या गच्चीवर टाकायच्या, छत्र्यांच्या काड्या बसवून आणायच्या. या यादीत आता आणखी एका कामाची भर घाला, असं मी गेल्या वर्षापासून भेटेल तिला सांगत सुटले आहे. ते काम म्हणजे खिडक्यांची तपासणी!

तुम्ही म्हणाल, खिडकीत तपासायचं ते काय? आपल्या लाकडी खिडकीला दोन बिजागऱ्या आणि एक कडी, एवढाच संसार. पावसात फुगली की दणका देऊन लावायची, थंडीत पुन्हा जागेवर येते. पण आता शहरांत, विशेषतः हमरस्त्यालगतच्या इमारतींत, दुहेरी काचांच्या खिडक्या आल्या आहेत. थंडीच्या देशांत त्या घराची ऊब राखायला लावतात. आपल्याकडे लावतात त्या गाड्यांचा आवाज अडवायला आणि एसीचा गारवा टिकवायला. खिडकी महाग, म्हणून तिला हात लावायची भीती वाटते आणि जरा काही बिघडलं की आपण कारागिराच्या तोंडाकडे पाहत राहतो.

माझ्या लेकीचंच सांगते. तिचं घर पुण्यात, मोठ्या रस्त्यावर, पाचव्या मजल्यावर. बाळाची झोपमोड होते म्हणून हौसेनं दुहेरी काचेच्या सरकत्या खिडक्या बसवून घेतल्या. जुलैत झड लागली आणि खिडकीच्या तळाच्या पट्टीत पाणी साचू लागलं. बोलावलेल्या माणसानं पट्टीतली बारीक भोकं दाखवली आणि म्हणाला, “ताई, इथूनच पाणी येतंय.” त्यानं ती सगळी भोकं सिलिकॉननं बुजवून टाकली. आम्हालाही ते पटलं! चार दिवसांनी रात्रभर पाऊस कोसळला. पट्टी काठोकाठ भरली आणि पाणी आत ओसंडलं. खिडकीखालीच पाळणा, आणि पाळण्याशेजारी विजेचा सॉकेट. भिंतीवरून ओघळ सॉकेटपर्यंत आला होता. जावयांना वेळेवर जाग आली, त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका दुकानदारानं चौकटीसकट नवी खिडकी सुचवली. खर्च ४५ हजार रुपये!

शेवटी ओळखीचे एक वयस्कर काचवाले आले. त्यांनी पातीनं ते सिलिकॉन खरवडून काढलं, खराट्याची काडी फिरवली आणि पट्टीत तांब्याभर पाणी ओतलं. पाणी सुळकन बाहेर गेलं. ते म्हणाले, “बाई, खिडकी पाणी आत घेणारच. त्याला बाहेर जायची वाट ठेवायची असते.” त्या दिवशी त्यांच्यापाशी बसून मी जे विचारून घेतलं आणि पुढे वर्षभर स्वतः करून पाहिलं, ते आज तुम्हाला सांगते.

ही खिडकी असते कशी?

दोन काचा, त्यांच्यामध्ये चहूबाजूंनी एक पोकळ पट्टी, आणि कडेनं पक्कं सीलबंद. मधे कोंडलेली कोरडी हवा, तीच आवाज आणि उष्णता अडवते. त्या पोकळ पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात. औषधाच्या बाटलीत छोटी पुडी असते ना, त्याच जातीचे. साधारणपणे ५ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे १२ मिलिमीटरचं अंतर असतं. म्हणजे एकूण जाडी झाली २२ मिलिमीटर.

आपली काच खरोखर दुहेरी आहे का, हे पाहायचं असेल तर रात्री दिवा मालवून, पडदा नीट बाजूला करून, काचेसमोर पेटती मेणबत्ती धरा आणि जरा तिरकं पाहा. एकेरी काचेत एकमेकींना चिकटलेल्या दोन ज्योती दिसतील. दुहेरीत तशा दोन जोड्या दिसतील, मधे थोडं अंतर असलेल्या. खिडकी नवी बसवतानाच हे पाहून घेतलेलं बरं.

पाणी आत येतं

काचेच्या कडेनं थोडं पाणी चौकटीत उतरतंच. ते बाहेर जावं म्हणून तळाच्या पट्टीत आतून आणि चौकटीच्या बाहेरच्या अंगाला भोकं ठेवलेली असतात. धूळ, बांधकामातलं सिमेंट, कबुतराची पिसं, मुलांच्या खडूचे तुकडे, काय वाटेल ते त्यांत अडकतं. म्हणून आधी पट्टी कोरड्या ब्रशनं झाडावी. जुना दाढीचा ब्रश यासाठी उत्तम. मग भोकांतून खराट्याची काडी फिरवावी. आतलं आणि बाहेरचं भोक बहुधा एका रेषेत नसतं, त्यामुळे काडी आरपार जात नाही. जोर करू नये. औषधाच्या मोठ्या पिचकारीनं, अर्थात सुईशिवाय, पाणी मारावं. गाळ निघून येतो. शेवटी तांब्याभर पाणी हळूहळू ओतून परीक्षा घ्यावी. पाणी बाहेर पडलं की काम झालं. बाहेरच्या भोकांसाठी मात्र खिडकीतून वाकू नका. लोखंडी जाळी किंवा गॅलरी असेल तरच तिथे हात घालावा.

पट्टीतलं पाणी नीट जातंय आणि तरीही खिडकीखालची भिंत ओली होतेय, तर दोष खिडकीचा नाही. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यातलं भरण सुटलं आहे. तिथे सिलिकॉन लागतं खरं, पण बाहेरून, आणि तेही एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत. ओल्या, धुळकट किंवा जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. आधीचं सगळं खरवडून, पुसून, वाळवूनच भरावं लागतं. गॅलरीला लागून खिडकी असेल तर हे आपणही करू शकतो. दुकानात “न्यूट्रल” सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको. ते काचेच्या कडेच्या सीलला आणि संगमरवराला बाधतं. भरल्यावर एक दिवस हात लावू नये. आणि लेकीच्या घरची चूक लक्षात ठेवा, भोकांच्या वाटेला सिलिकॉन जाता कामा नये!

काच धुरकट दिसते

इथे एकच प्रश्न विचारायचा, ओल आहे कुठे? काचेवरून बोट फिरवून पाहा.

खोलीच्या बाजूनं पुसली गेली, तर खोलीतली हवा दमट आहे. पावसात कपडे आत वाळत घातले, स्वयंपाकाची वाफ कोंडली, की असं होतं. थोडा वेळ पंखा आणि समोरासमोरची दारं उघडी ठेवा. खिडकीला काही झालेलं नाही.

बाहेरच्या बाजूला दव असेल तर तो एसीचा प्रताप. गार पाण्याच्या तांब्यावर थेंब जमतात तसंच हे. एसी बंद केला की जातं. दुहेरी काचेवर हे एकेरीपेक्षा कमीच होतं.

पण दोन्ही बाजूंनी पुसूनही धुरकटपणा जात नसेल, तर ओल दोन काचांच्या मधे शिरली आहे. म्हणजे सील फुटलं आणि आतले दाणे ओलीनं भरून गेले. याला घरचा उपाय नाही, हे स्पष्ट सांगते. काचेला भोक पाडून कोरडी हवा मारून देतो, असं कुणी म्हणालं तर धुरकटपणा काही दिवस जाईलही, पण आतली कोरडी हवा परत पक्की कोंडली जात नाही. मात्र यासाठी अख्खी खिडकी बदलायचीही गरज नसते! चौकट चांगली असेल तर नुसती काचांची जोडी बदलून मिळते. आधी बिल शोधा, हमीची मुदत उरली आहे का पाहा. नसेल तर काचेची लांबी, रुंदी आणि एकूण जाडी लिहून दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. काच कडक केलेली, म्हणजे टफन्ड असेल तर ती नंतर कापता येत नाही, तेव्हा माप कारागिरालाच घेऊ द्यावं.

आणि हे सील फुटतं का, माहीत आहे? बरेचदा काचेची खालची कड दिवसेंदिवस पाण्यात उभी राहिल्यामुळे. म्हणजे पुन्हा तीच बुजलेली भोकं! वेळेवर फिरवलेली एक काडी काचेची जोडी वाचवते.

आवाज येतो, वारा शिरतो

दुहेरी काच असूनही रस्त्याचा आवाज येत असेल तर कडेच्या रबरी पट्ट्या पाहा. उन्हानं रबर कडक होतं, आखडतं आणि कोपऱ्यांत फट पडते. जागा शोधायला उदबत्ती लावून कडेनं फिरवा. धूर जिथे हलेल तिथे फट. पडदे तेवढे आधी बाजूला करा. रबराचा बोटभर तुकडा नमुना म्हणून दुकानात न्यावा, त्याच घडणीची पट्टी मिळते. बसवताना ताणू नका. ताणलेली पट्टी आठवड्यात आखडून पुन्हा फट पडते. उलट किंचित लांब कापून, कोपऱ्यांपासून आत दाबत यावं. सरकत्या खिडकीला रबराऐवजी केसाळ पट्टी असते. ती झिजली असेल तर जुनी ओढून काढून नवी सरकवता येते.

रबराला खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नये, ते फुगून बिघडतं. साबणाच्या पाण्यानं पुसलं तरी पुष्कळ. थिनर आणि ॲसिड तर यू.पी.व्ही.सी.च्या, म्हणजे टणक प्लॅस्टिकच्या चौकटीजवळ आणूच नका. चकाकी जाते ती परत येत नाही.

सरकत नाही, घासते, नीट लागत नाही

सरकती खिडकी अडते ती निम्म्या वेळा कचऱ्यानं. पट्टी स्वच्छ करा, तेल ओतू नका. तेलावर धूळ बसून चिखल होतो. स्वच्छ करूनही जड जात असेल तर खालची चाकं झिजली किंवा खाली बसली असतील. दाराच्या कडेला, तळाशी एक लहानसा स्क्रू असतो. पुष्कळ खिडक्यांत तो फिरवून चाक वरखाली करता येतं. अर्धा फेरा फिरवायचा, सरकवून पाहायचं, मग पुढचा अर्धा.

उघडमिटीच्या खिडकीच्या बिजागरीच्या सांध्यांत आणि कुलपात मात्र शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब सोडा. वर्षातून एकदा पुरे. मूठ फिरवूनही खिडकी सैल राहत असेल तर कुलपाच्या पट्टीवरच्या गोल खुंट्या पाहा. बऱ्याच खिडक्यांत त्या षटकोनी किल्लीनं किंचित वळवल्या की दाब वाढतो. सगळ्या खुंट्या सारख्याच वळवाव्यात.

इथे मात्र हात लावायचा नाही

एक हिशेब सांगते. काचेचं वजन दर चौरस मीटरला, प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. म्हणजे एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच दार असेल तर ५ मिलिमीटरच्या दोन काचा मिळून सुमारे ३० किलो भरतात. भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ एवढाच! तो पाचव्या मजल्याच्या खिडकीत उचलून धरायचा का? मुळीच नाही. दार काढणं, काच बदलणं, बाहेरून चढून सांधे भरणं, ही कारागिराची कामं. त्यांत काटकसर करू नये. आणि कारागीर गेल्यावर एक पाहाच. सरकतं दार वर उचललं जाऊ नये म्हणून वरच्या पट्टीत अडसर असतो. दार काढताना तो काढतात आणि कधीकधी परत लावायला विसरतात. घरात मूल असेल तर हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

जवळ ठेवा

जुना ब्रश, खराट्याच्या काड्या, सुईशिवायची पिचकारी, मशीनचं तेल, स्क्रू ड्रायव्हर, षटकोनी किल्ल्यांचा संच, आणि खिडकीचं बिल. सगळं एका डब्यात. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि गणपतीच्या साफसफाईत एकदा भोकांची परीक्षा घ्या. खिडकीखाली विजेचं बटण असेल तर पाळणा आणि अभ्यासाचं टेबल दुसऱ्या भिंतीला हलवा. आणि सॉकेटला ओल दिसली तर आधी मेन बंद करायचा, पुसायचं नंतर, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

यंदा पहिला पाऊस पडला तेव्हा मी लेकीकडेच होते. रात्री उठून तिनं पट्टीत बोट घालून पाहिलं, पाणी साचलेलं नव्हतं. “आई, झोप आता,” म्हणाली. नवीन खिडकीचे ४५ हजार वाचले ते वाचलेच. पण पाऊस सुरू झाला की तिच्या छातीत होणारी धडधड थांबली, याचा आनंद मला जास्त आहे.