आलेखावरून सीमा कशी ओळखावी

अकरावीच्या गणितात ‘सीमा’ हे प्रकरण आले, की पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकू येते : उत्तर तर येते, पण ते कशाचे उत्तर आहे, हे कळत नाही. वस्तुतः कल्पना अवघड नाही. ती सूत्रात शोधण्यापूर्वी आलेखावर पाहावी.

परभणीच्या उन्हाळ्यात आटलेल्या विहिरी आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अशा एका खोल विहिरीत काठावरून खडा सोडला, असे समजा. खडा किती पडला हे काढण्याची रीत सोपी आहे : सेकंदांचा वर्ग करून त्याला सुमारे ५ ने गुणावे, म्हणजे मीटर मिळतात. पहिल्या सेकंदाअखेर तो ५ मीटर खाली गेला. त्या क्षणी त्याचा वेग किती? वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. पण एका क्षणात अंतर शून्य आणि वेळही शून्य! शून्याला शून्याने भागून काही निष्पन्न होत नाही.

म्हणून त्या क्षणाच्या जवळपास पाहू. १.१ सेकंदात खडा ६.०५ मीटर पडतो. म्हणजे शेवटच्या ०.१ सेकंदात १.०५ मीटर. सरासरी वेग १०.५. अवधी ०.०१ सेकंद घेतला, तर १०.०५. आता अलीकडून या. ०.९ पासून १ सेकंदापर्यंत सरासरी वेग ९.५, आणि ०.९९ पासून ९.९५.

आडव्या अक्षावर अवधी (पुढचा धन, मागचा ऋण) आणि उभ्या अक्षावर सरासरी वेग मांडला, की सरळ रेषा मिळते. फक्त अवधी शून्य असतो तेथे एक बिंदू गळतो. तो पोकळ वर्तुळाने दाखवितात. एक बोट रेषेवरून डावीकडून सरकवा, दुसरे उजवीकडून. दोन्ही १० या उंचीकडेच येतात. हीच सीमा, आणि हाच त्या क्षणाचा वेग : सेकंदाला १० मीटर.

विद्यार्थी अडखळतो तो येथेच. बिंदू नाही, म्हणून सीमाही नाही, असे त्याला वाटते. उद्या कोणी तेथे २५ उंचीवर भरीव ठिपका काढला, तरी सीमा १० च राहील. बिंदूवर काय आहे, हे सीमा विचारीत नाही. त्याच्याकडे येताना काय घडते, एवढेच ती विचारते.

दोन्ही बोटे वेगळ्या उंचीवर पोचली तर? टपालाचा दर पाहा. ठराविक वजनापर्यंत एक दर. त्याहून किंचित अधिक झाले, की पुढचा. आलेख पायऱ्यांचा होतो. त्या वजनापाशी डावी सीमा एक, उजवी दुसरी. म्हणून तेथे सीमा नाही, जरी दर ठरलेला असला तरी.

मात्र आलेख दिशा दाखवितो, सिद्धता देत नाही. खड्याच्या उदाहरणात सरासरी वेग १० अधिक अवधीची पाचपट येतो; अवधी शून्याकडे गेला, की १० उरतात, हे बीजगणिताने पक्के होते.

बदलत्या गतीचा हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहांच्या ‘तात्कालिक गती’चा विचार केला. सीमेची काटेकोर मांडणी युरोपात कोशी याच्या १८२१ च्या ग्रंथापासून पुढे होत गेली. शतकानुशतके मोठमोठ्यांना ज्याने विचारात पाडले, तेथे आपले मूल दोन दिवस थांबले तर त्याला रागावू नये. हाती एक आलेख द्यावा आणि दोन्ही बाजूंनी बोट फिरवावयास सांगावे.