आधी बिगारी व्हा

पूर्व नेपाळात घरं बांधायला स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं, तेव्हा हातात एक यादी पडली. जाड तळव्याचे बूट, हातमोजे, विमा, धनुर्वाताचं इंजेक्शन. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे कागदपत्रांचं काम लवकर उरकलं. पण बांधकामावर दिवसभर उभं कसं राहायचं, हे काही त्या यादीत नव्हतं. ते शिकायला मी भोरजवळच्या आंबवड्यात गेले. नागेश्वराचं देऊळ आणि संस्थानकाळातला झुलता पूल पाहायला लोक इथे येतात. मी गेले ते नात्यातल्या एका घराच्या बांधकामावर. जोतं झालं होतं आणि पावसाळ्याआधी भिंती उभ्या करायच्या होत्या.

मेस्त्रींनी थापी हातात दिलीच नाही. "ताई, आधी इटा भिजवा," म्हणाले. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते, मग माल नीट धरत नाही. त्यानंतर माल कालवणं. एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू कोरडंच खालीवर करायचं. रंग सगळीकडे सारखा झाला की मगच पाणी. पाणी पडल्यावर घड्याळ सुरू होतं, कारण अर्ध्या तासात सिमेंट आवळायला लागतं. म्हणून जेवढा माल लगेच संपेल तेवढाच कालवायचा.

खरं कसब लागतं ते पुरवठ्याला. मेस्त्रींचा हात मागे गेला की तिथे वीट हवी आणि घमेल्यात माल हवा. कमी पडला तर मेस्त्री खोळंबतात, जास्त झाला तर वाया जातो. घमेलं कमरेतून वाकून न उचलता गुडघे मोडून उचलायचं आणि अंगाला लागून धरायचं. शेजारी काम करणाऱ्या मावशी ते उचलून डोक्यावर कधी ठेवतात, हे कळतही नव्हतं.

मग मेस्त्री एकेक गोष्ट दाखवत गेले. कोपरा काटकोनात आहे का, हे दोरीवर तीन, चार आणि पाच फूट मोजून पाहतात. पातळी पाहायला पाणी भरलेली पारदर्शक नळी, भिंत सरळ आहे का ते पाहायला ओळंबा. खालच्या थराच्या सांध्यावर वरची वीट पूर्ण बसली पाहिजे. "सांधा मोडला न्हाई, तर भिंत मोडंल," हे त्यांचं शास्त्र. संध्याकाळी पाणी मारल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

नेपाळातली आमची घरं विटांची नसणार. प्रक्रिया केलेल्या बांबूचा सांगाडा, त्यावर बांबूच्या पट्ट्या आणि वरून सिमेंटचा गिलावा. मेस्त्रींना चित्र दाखवलं तर ते हसले, "हे तर कुडाचं घर." भोर-वेल्ह्याच्या डोंगरात कारवीच्या काठ्या शेणमातीनं लिंपून अशाच भिंती करत आले आहेत. भूकंपात हलक्या भिंतीखाली माणूस वाचण्याची शक्यता जास्त असते. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीच्या जड छपरांनी हजारोंचा जीव घेतला. नेपाळात 25 एप्रिल 2015 च्या 7.8 तीव्रतेच्या भूकंपात मातीत रचलेली दगडी घरं अशीच कोसळली.

आता उलटा प्रश्न. विमानाच्या तिकिटाच्या पैशात तिथले गवंडी कामाला लागले नसते का? लागले असते, आणि गवंडी तिथलेच असतात. 2006 मध्ये लोणावळ्याजवळच्या पाटण गावात 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'नं शंभर घरांचं काम हाती घेतलं, तेव्हा देशोदेशींचे स्वयंसेवक आले होते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर ब्याऐंशीव्या वर्षी तिथे राबत होते. या संस्थेच्या पद्धतीत घर फुकट मिळत नाही. ज्याचं घर तोही अंगमेहनत करतो आणि सोसवेल अशा हप्त्यांनी पैसे फेडतो. बाहेरच्यानं यायचं ते त्याच्या जोडीला, मुकादम म्हणून नव्हे.

त्यामुळे पहिल्यांदाच निघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बूट घ्या, इंजेक्शन घ्या, पण त्याआधी आपल्या गावात किंवा गल्लीत चालू असलेल्या एखाद्या बांधकामावर, तिथल्या मेस्त्रींना विचारून, काही दिवस बिगारी म्हणून राबा. तिथे तुमच्यामुळे काम खोळंबत नसेल, तर खुशाल परदेशी जा.